थोरलीची मूठ

विहिरीचं पाणी जसजसं खाली गेलं, तसतसा दोन घरांमधला आवाज वर चढत गेला.

विहीर एकच, वाटेकरी दोन. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. वडील गेल्यापासून तीन दिवस याचं पाणी, तीन दिवस त्याचं आणि सातव्या दिवशी विहिरीला विश्रांती, असं ठरलेलं होतं. इतकी वर्षं ते बिनबोभाट चाललं. पण या उन्हाळ्यात पंप दोन तास चालला की गुरगुरायचा आणि नुसती हवा ओढायचा. मग याच्या दिवसांत धार जाड होती, त्याच्या दिवसांत बारीक होती, यावरून तोंडं वाजायला लागली. धाकट्यानं आपला वेगळा पाइप टाकायचं मनावर घेतलं आणि रस्त्यावरून थोरल्याच्या खळ्याकडे जाणाऱ्या वाटेत आडवा, कमरेइतका खोल चर खणला. थोरला धावत आला.

"माझ्या वाटेत खड्डा?"

"वाट दोघांची आहे."

"मग आत्ताच्या आत्ता बुजव."

"पाइप टाकू दे, मग बुजवतो."

"पाइप तर टाकूच देणार नाही."

झालं. अकरा दिवस चर आ वासून पडून होता. पाइप पडेना, माती पडेना. थोरल्याच्या बैलगाड्या ओढ्यातल्या दगडगोट्यांवरून खडखडत वळसा घालायच्या.

माणसाला रिकाम्या हातानं चर ओलांडता यायचा, डोक्यावर भारा असला की नाही. त्यामुळे जास्तीची पायपीट आली ती धाकट्याच्या बायकोच्या वाट्याला. तिला सगळं घर धाकटीच म्हणायचं. पहाटे उठून मळ्यातून दोन गायींचा चारा आणायचा, तो ओढ्याच्या अंगानं. मग दूध काढायचं, स्वयंपाक उरकायचा आणि आठच्या ठोक्याला तिठ्यावरच्या रुग्णवाहिकेच्या ठाण्यावर हजर व्हायचं. तीन वर्षांपूर्वी तिनं परिचारिकेचं शिक्षण पुरं केलं होतं आणि तेव्हापासून ती गाडीवर कामाला होती.

"खणलास तू आणि तंगडतोड माझी," ती नवऱ्याला म्हणायची.

नवरा मान खाली घालून भाकरी मोडायचा. हट्टाच्या बाबतीत दोघे भाऊ एका माळेचे मणी. सासूचं तर विचारूच नका. ती मधल्या खोलीत राहायची, एक दिवस इकडे जेवायची, एक दिवस तिकडे, आणि दोन्हीकडे मीठ कमी आहे म्हणायची. या अकरा दिवसांत तीसुद्धा गप्प झाली होती.

त्यातच धाकटीचा हात रुसला.

आठवड्यापूर्वी गावातल्याच एका म्हातारीला उलट्या-जुलाबांनी पार सुकवून टाकलं होतं. तिला गाडीत घेतलं आणि सलाइन लावायला धाकटीनं सुई घातली. शीर बोटाखालून निसटली. दुसऱ्यांदा घातली, शीर फुटून कातडीखाली निळं टेंगूळ आलं. तिसऱ्यांदाही तेच. इस्पितळात पोचल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरनं एका झटक्यात सुई लावली आणि म्हातारीच्या हातावरची भोकं बघून सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, शिवणकाम शिकताय का?" आजूबाजूची माणसं हसली. म्हातारी चार दिवसांत ठणठणीत होऊन घरी आली आणि आपला हात दारोदार दाखवत फिरली.

दुसऱ्या दिवशी नळावर थोरली जाऊ मुद्दाम मोठ्यानं दुसऱ्या बाईला म्हणाली, "आमच्याकडे गोणपाट शिवायची दाभण आहे. कुणाला हवी असेल तर देऊ म्हणावं."

धाकटीनं हंडा उचलला आणि घरची वाट धरली. बोलण्यासारखं होतंच काय? भोकं खरीच होती.

ठाण्यावर फक्त ड्रायव्हरमामांपाशी तिनं मन मोकळं केलं. मामा म्हणजे पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. गाडी मात्र अशी चालवायचे की मागे ठेवलेल्या भांड्यातलं पाणी हिंदकळू नये. त्यांनी बाही वर सारली आणि टेबलावर हात टाकला.

"घे. माझ्या हातावर सराव कर. या बघ शिरा, पंपाचे पाइप नुसते. इथंसुद्धा नाही लागली तर आपण दोघं भाजीचं दुकान टाकू."

"तुमच्या शिरा आंधळ्यालाही दिसतील, मामा."

"मग आंधळी हो. डोळे मीट."

ती चमकली. मग तिनं खरंच डोळे मिटले आणि बोटाच्या टोकानं शोधायला लागली. स्नायू कुठला, दोरीसारखी कडक शीर कुठली, दाबून सोडल्यावर परत फुगतं ते काय. रोज दुपारी अर्धा तास हे चालायचं. सुई न घेता. मामा कधी घोरायलाही लागायचे. डोळे मिटले की धाकटीला कळायचं, आपण घाईत बघतो, दाबून पाहत नाही. हात उरकायला धावतो.

बाराव्या दिवशी थोरल्याकडे मक्याची ताटं तोडायची झुंबड उडाली होती. पाणी नाही म्हटल्यावर उभा मका करपण्याआधी कापून, बारीक करून जनावरांसाठी साठवायचा होता. खळ्यावर कुट्टी मशीन सकाळपासून धडधडत होतं. सात-आठ बाया ताटं आणून टाकत होत्या आणि थोरला स्वतः ती मशीनच्या तोंडात सारत होता. धाकटी कामाला निघाली तेव्हा धुरळ्यात तिला त्याची पाठ दिसली. तिनं हाक मारली नाही, त्यानं मागे पाहिलं नाही.

अकराच्या सुमाराला ठाण्यावरचा फोन वाजला. मामांनी ऐकलं, "हो, हो," म्हणाले आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा बदलला.

"चल. कुट्टी मशीनचं पातं तुटून उडालंय. माणसाला लागलंय. रक्त थांबत नाही."

"कुठं?"

मामांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "तुमच्या खळ्यावर."

गाडीत बसल्यावर तिनं पहिलं काम केलं ते पेटी उघडायचं. जखमेत भरायच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या वर काढल्या. आवळपट्टा काढला. हातमोजे चढवले. कोण आहे, याचा विचार तिनं रस्त्यावर टाकून दिला. गाडी वाटेला वळली आणि गचकन थांबली. पुढे चर होता.

चराच्या काठावर तिचा नवरा उभा होता, दोन्ही हात वर करून. गुडघ्यापर्यंत रक्त उडालेलं, तोंड पांढरंफटक.

"गाडी इथवरच," तो म्हणाला. "दादा आहे."

त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरला आणि पिशवीसकट चर ओलांडून ती पळत सुटली.

थोरला कुट्टीच्या ढिगाला टेकून पडला होता. हिरव्या ढिगाला एका बाजूनं लाल रंग चढत होता. उजव्या जांघेवर कुणाकुणाच्या डोक्याचे रुमाल, गोणपाट, एक अख्खी चादर असा डोंगर रचला होता आणि त्यावर थोरली दोन्ही तळवे टेकून बसली होती. कुणीतरी कमरेला दोर करकचून बांधला होता. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. डोंगराच्या तळातून रक्त हळूहळू, पण न थांबता झिरपत होतं.

"पाणी," थोरला म्हणाला. त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. "आज पाळी कुणाची आहे? पाणी कुणाचं आहे?"

"भाऊजी, मी आलेय. बोलत राहा." ती गुडघ्यांवर बसली. "जाऊबाई, हात काढा."

"नाही काढणार."

"वरून दाबून भागत नाही. आतून चाललंय. मला भोक बघू द्या."

"हात काढला तर मरेल तो!"

"नाही काढला तर मरेल. काढा."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. या अकरा दिवसांत पहिल्यांदा. आणि हात काढले.

धाकटीनं चिंध्यांचा डोंगर दूर भिरकावला, कात्रीनं विजार कापली. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत तिनं या माणसाच्या हातालाही कधी हात लावला नव्हता. आता तिची दोन बोटं त्याच्या जांघेतल्या जखमेत मुळापर्यंत गेली. आत गरम होतं, निसरडं होतं, आणि खोल तळाशी काहीतरी ठोक्याठोक्यानं तिच्या बोटाला ढकलत होतं. तिचे डोळे आपोआप मिटले. हे इथं. जरा वर. हं. तिनं बोट तिथंच हाडावर दाबून धरलं, तशी बाहेरची धार एकदम बारीक झाली.

"वरून पट्टा आवळा ना पायाला," मागून एक म्हातारी मजूर म्हणाली. "आमच्या बैलाला तसाच बांधला होता."

"वर पाय उरलाय कुठं, आजी? पाय संपतो तिथंच लागलंय."

डाव्या हातानं तिनं पट्टीचं टोक जखमेत घातलं आणि बोटाच्या आधारानं थेट त्या ठोक्यावर नेऊन बसवलं. मग थरावर थर. गादीत कापूस कोंबावा तशी पट्टी कोंबत गेली. थोरला ओरडला, तिच्या खांद्याला त्यानं ढकललं, पण त्या ढकलण्यात जोर नव्हता आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. एक गुंडाळी संपली. दुसरी संपली. तिसरी अर्धी गेली तेव्हा जखम काठोकाठ भरली. तिनं वरून दोन्ही मुठी रोवल्या आणि अंगाचं सगळं वजन टाकलं.

रक्त थांबलं. पण आता तिचे दोन्ही हात इथंच अडकले होते. आणि ज्याच्या अंगातून इतकं गेलं होतं त्याच्या शिरेत सुई घालायला, औषध द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"जाऊबाई, मूठ करा. इथं माझ्या हाताशेजारी ठेवा. हां. दुसरी तिच्यावर. कोपर ताठ. कणीक मळताना जसं वजन टाकता तसं टाका, पण मळायचं नाही. हलायचंच नाही."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"तू सांगितल्यावरच?"

"देव आला आणि म्हणाला सोड, तरी सोडायचं नाही."

थोरलीनं ओठ आवळले आणि ती वाकली. आयुष्यभर भारे उचललेले तिचे खांदे. धाकटीनं आपले हात हळूच काढून घेतले. पट्टी कोरडी राहिली.

तोवर मामा आणि नवरा स्ट्रेचर घेऊन आले होते. थोरल्याला त्यावर घेऊन त्या दोघांनी आणि दोन मजूर बायांनी ते उचललं. पाठीमागच्या बाजूला नवरा होता. दोनशे पावलांची वाट. थोरली स्ट्रेचरच्या बाजूनं वाकून, तिरपी, खेकड्यासारखी चालत होती आणि मुठी जागच्या जागी. एकदा ती अडखळली, गुडघा फुटला, पण हात नाही हलले.

चरापाशी सगळे थबकले. उचलणाऱ्यांना ढांग टाकून जाता येत होतं. अशा वाकलेल्या बाईला नाही.

"धर," नवरा बाजूच्या बाईला म्हणाला, आपला दांडा तिच्या हातात दिला आणि त्यानं सरळ चरात उडी मारली. हात गुडघ्यांवर टेकून तो वाकला. त्याची पाठ बरोबर वाटेच्या उंचीला आली.

"वहिनी, पाय ठेवा."

थोरली क्षणभर घुटमळली.

"ठेवा म्हणतो ना!"

तिनं चिखलानं, रक्तानं माखलेला पाय दिराच्या पाठीवर ठेवला. स्ट्रेचर पुढे सरकलं. दुसरा पाय टाकला. ती पलीकडे गेली. मूठ सुटली नाही. तो चरातच उभा राहिला, वर आला नाही. गाडीत जागा नव्हती आणि घरी आई एकटी होती.

दार लागलं. गाडी निघाली.

आता मागे तिघंच. धाकटीनं प्राणवायू लावला, अंगावर जाड कांबळं टाकलं, कारण इतकं रक्त गेलेलं माणूस उन्हातही गारठतं आणि गारठलं की रक्त गोठत नाही. रक्तदाब घेतला. वरचा आकडा सत्तर. नाडी धागा झालेली, मोजता येईना इतकी जलद. थोरल्याचं बरळणं थांबलं होतं. ते बरं लक्षण नव्हतं.

तिनं डाव्या दंडाला रबरी पट्टा बांधला. शीर दिसेना. डोळे मिटून शोधली. कोपराच्या खळगीत काहीतरी होतं, पण विझल्यासारखं, चपटं. सुई घातली. रक्त आलं नाही. किंचित मागे घेऊन वळवली. नाही आलं.

समोर थोरली बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

धाकटीनं सुई काढली, भोकावर कापूस चिकटवला. उजवा हात चाचपला. तिथं तेवढंही नव्हतं. हात पुन्हा एकदा डाव्या कोपराकडे गेला. अजून एकदा करून बघू, लागेल. मग तिनं स्वतःला तिथंच अडवलं. त्या म्हातारीच्या वेळी हेच झालं होतं. लागेल, लागेल म्हणत तीन भोकं पडली होती. म्हातारीपाशी वेळ होता. याच्यापाशी नाही.

शिरा मिटल्या, पण हाड मिटत नाही. हाडाच्या पोकळीत सोडलेलं औषधही रक्तात जातं, हे ती शिकली होती. हाडात घालायची सुई पेटीच्या तळाशी होती. प्रशिक्षणात एका प्लास्टिकच्या पायावर दोनदा घातलेली. जित्या माणसाच्या पायात कधीच नाही. तिनं पाकीट फोडलं, विजारीचा डावा पाय गुडघ्यावर फाडला, गुडघ्याखाली दोन बोटं मोजली, आतल्या अंगाचं सपाट हाड चाचपलं, पुसलं.

"मामा, रस्ता कसा आहे?"

"पुढं खड्डे आहेत. अर्धा मिनिट सरळ मिळेल."

"द्या."

सुई काटकोनात टेकवून ती पिळत, रेटत गेली. हाडाला लागली, तशी अडली. तिनं खांद्यातून जोर लावला.

"काय करतेस गं!" थोरली किंचाळली. "पायात खिळा ठोकतेस?"

"हो. खिळाच आहे. तुम्ही दाबा."

एकदम कच् झालं आणि आतून वाट मिळाल्यासारखी सुई सैलावली. तिनं हात सोडला. सुई आपल्या आपण ताठ उभी राहिली. पिचकारीनं थोडं पाणी आत ढकललं, तसा इतका वेळ निपचित पडलेला थोरला घशातून ओरडला आणि त्यानं एक सणसणीत शिवी हासडली.

"शिवी देतोय," थोरली म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं. पुसायला हात नव्हता. "शिवी देतोय गं."

"देऊ दे. चांगलं आहे."

रक्त गोठायला मदत करणारं औषध गेलं. सलाइन सुरू झालं. धाकटीनं थोडं जाऊ दिलं आणि चाक फिरवून बारीक केलं.

"सगळी बाटली सोड ना. एवढं गेलंय अंगातून."

"कच्चा बांध असला आणि पंप जोरात लावला तर काय होतं?"

धाकटीनं इस्पितळाला फोन लावला. "जांघेत खोल जखम. मोठी नस असावी. पट्टी भरून वरून दाब चालू आहे. वरचा रक्तदाब सत्तर, आता ऐंशी. हाडातून सलाइन. रक्त आणि शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवा. वीस मिनिटं."

दहा मिनिटांनी थोरली हळू आवाजात म्हणाली, "माझे हात गेलेत. दाबतेय की नाही तेच कळत नाही मला."

धाकटी उठली. थोरलीच्या मुठींवर तिनं आपले दोन्ही तळवे ठेवले आणि वरून वजन टाकलं. दोघींची डोकी एकमेकींना लागली. थोरलीच्या घामाचा, मक्याचा, रक्ताचा वास.

"हात तुमचे राहू द्या," ती म्हणाली. "वजन माझं."

"वळण येतंय," मामा पुढून ओरडले. "धरा!"

दोघी मिळून वळल्या. पट्टी कोरडीच राहिली.

इस्पितळाच्या दारात तोच तरुण डॉक्टर उभा होता. त्यानं जखमेवरच्या मुठी पाहिल्या, नडगीतली सुई पाहिली आणि विचारलं, "ही कितीला घातली?"

"अकरा एकेचाळीस."

त्यानं लिहून घेतलं. मग थोरलीला म्हणाला, "तुम्ही अशाच चला," आणि ती तशीच वाकून, फुटक्या गुडघ्यानं लंगडत, शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत गेली. आत सर्जननं आपला हात तिच्या हाताशेजारी दाबला. "झालं, बाई. सोडा आता."

ती सोडेना. तिनं मान वळवली आणि दाराशी उभ्या असलेल्या जावेकडे पाहिलं.

"सोडा, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

तेव्हा सोडलं.

बाहेर नळापाशी धाकटीनं तिचे हात पाण्याखाली धरले. मुठी उघडतच नव्हत्या. एकेक बोट धरून, चोळून सरळ करावं लागलं. नखं तळव्यात रुतून चंद्रकोरी उठल्या होत्या. नंतर दोघी भिंतीशी बाकावर बसल्या. मामा गाडी धुऊन आले, चहा घेऊन आले. थोरलीच्या हातात पेला ठरेना, म्हणून धाकटीनं तो तिच्या ओठाला लावला.

दोन घोट घेऊन थोरली म्हणाली, "हातात सुई लागली नाही ना, तेव्हा मनात तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी."

"तुम्ही वाटेत अडखळलात ना, तेव्हा मी आठव्या पिढीपर्यंत पोचले होते."

थोरलीला हसू फुटलं. मग ती हसतच रडायला लागली, आणि इस्पितळाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात येणारे-जाणारे त्या दोघींकडे वळून बघायला लागले.

तीन वाजता सर्जन बाहेर आला. नस शिवली होती. रक्त चढत होतं. माणूस वाचला होता, पायाचं उद्या कळणार होतं. त्याच वेळी घरून नवऱ्याचा फोन आला. धाकटीनं सांगितलं, त्यानं ऐकलं. पलीकडून फावड्याचा आवाज येत होता. "मी चर बुजवतोय," तो म्हणाला. "एकटाच आहे. संध्याकाळपर्यंत होईल."

पाय राहिला. तळवा बधिर झाला, चालताना काठी लागायला लागली, पण पाय राहिला. पंचवीस दिवसांनी थोरला घरी आला. पाण्याचं भांडण काही जादूनं मिटलं नाही. विहीर होती तेवढीच खोल होती. दोघे भाऊ आईला मधे बसवून दोनदा बोलले, दोनदा उठून गेले, तिसऱ्यांदा एक दिवसाआड पाळी ठरली आणि पाइप वाटेखालून न जाता बांधाच्या कडेनं गेला. आई तिकडे जेवली आणि मीठ कमी आहे म्हणाली. सगळ्यांना जरा बरं वाटलं.

धाकटी कामावर जात राहिली. कधी सुई पहिल्यांदा लागायची, कधी नाही. नाही लागली की ती थांबायची, श्वास घ्यायची आणि पुढचा विचार करायची.

मग एका दुपारी, ठाण्यावर मामा घोरत असताना बाहेर बायकांचा गलका ऐकू आला. धाकटी दारात आली. थोरली उभी होती आणि तिच्यामागे मजूर बाया, अकरा-बारा तरी. मक्याच्या कामावरच्या, विटांच्या भट्टीवरच्या, लाकडाच्या वखारीतल्या. हातात कोयते, डोक्याला रुमाल. दोघी-तिघींना कशाला आणलंय तेही माहीत नव्हतं.

"जाऊबाई, काय झालं?"

"काय व्हायचंय?" थोरली सरळ आत शिरली. "आम्ही कपडे रचत बसलो होतो त्याच्यावर. अंथरूण घातल्यासारखे. तू यायला बारा मिनिटं लागली. दुसऱ्या कुणाला वीस लागतील. या सगळ्या दिवसभर पात्यांशी, करवतींशी खेळतात. दाखव यांना, कुठं आणि कसं दाबायचं."

"दाखवते. पण त्याला मापाचा पुतळा लागतो. तो इथं नाही. तालुक्याहून मागवावा लागेल."

"पुतळा कशाला?"

मामा जागे होऊन डोळे चोळत होते. थोरलीनं त्यांना खुर्चीसकट बाजूला व्हायला लावलं, चपला काढल्या आणि ती सगळ्यांदेखत फरशीवर उताणी झोपली. बाया तोंडाला हात लावून हसायला लागल्या. ती हसली नाही. तिनं आपल्या जांघेवर बोट ठेवलं.

"इथं. ये."

धाकटी गुडघ्यांवर बसली. बाया भोवती गोळा झाल्या, हसणं विरलं, मागच्या बाया टाचा उंचावून बघायला लागल्या. धाकटीनं मूठ केली, तिथं टेकवली, दुसरी तिच्यावर ठेवली, कोपर ताठ केले आणि बेतानं वजन टाकलं.

थोरलीनं एक डोळा उघडला.

"माझी भीड नको धरू," ती म्हणाली. "एवढ्यानं रक्त थांबतं होय? दाब!"